चष्म्याचा नंबर तोच, मग पायरी का चुकते?

डोळे तपासून झालेले असतात, नंबर बदललेला नसतो, डॉक्टर म्हणालेले असतात की सगळं छान आहे. तरीही जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, रस्ता ओलांडताना स्कूटर ‘अचानक’ समोर येते, दिवेलागणीच्या वेळी ओळखीचं माणूस शेजारून गेलं तरी कळत नाही. घरातले म्हणतात, लक्ष नसतं हल्ली. साठीपुढच्या माणसाला हे इतक्यांदा ऐकावं लागतं की त्यालाही ते खरं वाटू लागतं. बहुतेक वेळा त्यात लक्षाचा दोष नसतो.

दवाखान्यात भिंतीवरचा जो तक्ता वाचायला लावतात, त्याचा मूळ नमुना हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, भरपूर उजेड, अक्षरं जागची हलत नाहीत आणि वाचायला हवा तेवढा वेळ. सिक्स बाय सिक्स म्हणजे या परीक्षेत उत्तीर्ण. संध्याकाळच्या उजेडातली करड्या जिन्याची करडी पायरी किंवा धुरकट रस्त्यावरून येणारी राखाडी गाडी या परीक्षेत विचारलीच जात नाही. वयाचा फटका बसतो तो नेमका तिथे: फिक्यात फिकं ओळखणं, गर्दीतून आकार वेगळा काढणं, वेगाचा अंदाज घेणं. यातलं काही डोळ्यात बिघडतं, काही मेंदूत. चष्मा दोन्हींपैकी फारच थोडं दुरुस्त करतो. म्हणून घर आणि सवयी बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी लागणारा खर्च बहुतेक ठिकाणी चष्म्यापेक्षा कमी आहे.

आधी उजेड

विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. रॉबर्ट वील या ब्रिटिश संशोधकाने १९६०च्या दशकात मांडलेला हा हिशेब आजही दिला जातो. वयानुसार बाहुली लहान होते आणि अंधारातही पूर्वीसारखी उघडत नाही; आतलं भिंग जाड आणि पिवळसर होत जातं. नातू आणि आजोबा एकाच ट्यूबलाइटखाली बसलेले असले तरी आजोबांच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. तेव्हा ‘एवढा लख्ख दिवा कशाला?’ हा वाद नातवाच्या डोळ्यांनी सोडवू नये.

आपल्याकडे जिना, बोळ आणि न्हाणीघराकडे जाणारी वाट या तीन जागी सगळ्यात मरतुकडा दिवा लावायची पद्धत आहे, आणि माणसं पडतात ती बरेचदा तिथेच. ९ वॅटचा एलईडी १० तास जळला तरी विजेचं एक दशांश युनिटसुद्धा होत नाही. तो रात्रभर चालू ठेवा. जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे बटण घ्या. वायरमनला ते नवीन नसतं.

उजेड वाढवताना मात्र एक काळजी घ्यावी लागते. म्हाताऱ्या भिंगात प्रकाश विखुरतो, त्यामुळे उघडा बल्ब नजरेच्या रेषेत आला की त्याच्याभोवतीचं सगळं धुऊन निघतं. दिवा दिसू नये, दिव्याने उजळलेली जागा दिसावी, असा तो लावायचा. बोळाच्या टोकाला मोठी खिडकी असेल तर तिच्याकडे चालत जाणाऱ्याला पायाखालचं काही दिसत नाही. तिथे पातळ पडदा हवा. गुळगुळीत पांढऱ्या टाइल्स याच कारणासाठी त्रासदायक ठरतात. घराचं काम निघालंच तर कमी चकाकीची फरशी निवडा, दुकानदार काहीही म्हणो.

उन्हातून अंधाऱ्या जिन्यात शिरल्यावर डोळा सरावायलाही वय झाल्यावर जास्त वेळ लागतो. पूर्ण काळोखाला नजर बसण्यात विशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसात सुमारे १० मिनिटांचा फरक आढळला आहे. इतका वेळ कुणी दारात उभं राहणार नाही, पण कठडा धरून मिनिटभर थांबता येतं. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेच्या आधी जागेवर बसणं हेही त्यातलंच. रात्री उठण्यासाठी पायाशी, जमिनीलगत मंद दिवा ठेवा. डोक्यावरचा मोठा दिवा एकदम लावला की डोळे दिपतात आणि बंद केल्यावर दुप्पट अंधार वाटतो.

कड दिसली तर आकार दिसतो

वस्तूचा आकार आपल्याला कळतो तो मुख्यतः कडांवरून, आणि कड दिसण्यासाठी दोन्ही बाजूंच्या रंगात उठाव लागतो. नजरेची ही उठाव ओळखण्याची ताकद वयाबरोबर कमी होते, विशेषतः बारीक आणि मध्यम आकाराच्या तपशिलांसाठी. अक्षरं काळीभोर असतील तर ज्येष्ठ माणूस बारीक ओळही वाचतो. तीच अक्षरं फिकट राखाडी केली की मोठीही वाचता येत नाहीत. हे मोजणारा तक्ता आहे. १९८८ मध्ये आलेल्या पेली-रॉबसन तक्त्यावर सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात आणि खालीखाली फिकी होत जातात. डोळे तपासायला जाल तेव्हा उठावाची तपासणी होते का, एवढं विचारा.

घरातली सगळ्यात महत्त्वाची कड पायरीची. कोट्याच्या किंवा काळ्या ग्रॅनाइटच्या जिन्यावर वरून पाहताना सगळ्या पायऱ्या मिळून एकच सपाट उतरण दिसते. प्रत्येक पायरीला दोनेक इंच रुंदीची, न घसरणारी पट्टी लावा: गडद दगडावर पिवळी किंवा पांढरी, पांढऱ्या संगमरवरावर गडद. पट्टी पायरीच्या अगदी टोकाला भिडलेली हवी. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात जिन्यावरच्या चालीचा अभ्यास झाला आहे, आणि तिथे पट्टी थोडी आत सरकवली की पाऊल चुकीच्या अंतराने पडू लागतं असं दिसलं. कारण उघड आहे. डोळा पट्टीलाच कड समजतो. आपल्याकडच्या सोसायट्यांत पट्ट्या लावतात तेव्हा त्या निघू नयेत म्हणून हमखास इंचभर आत लावतात. लावणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून त्या पुढे सरकवून घ्या. पहिल्या आणि शेवटच्या पायरीला रंग वेगळा दिलात तर फारच उत्तम, कारण जिना संपला असं वाटण्यातच घोटाळा होतो.

उंबरठ्यावर हळदकुंकवाची बोटं किंवा रांगोळीची रेघ ओढणाऱ्या घरांत ही कड आपोआप अधोरेखित होते. फ्लॅटमध्ये उंबरठा जातो आणि न्हाणीघराच्या दारात अर्ध्या इंचाची, त्याच रंगाची पट्टी उरते. ती अधिक धोक्याची.

फरशीच्या नक्षीचाही प्रश्न आहे. पसाऱ्यातून एखादी बाह्यरेषा वेगळी काढायची असेल तर ज्येष्ठांना ते तरुणांपेक्षा जड जातं, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. जुन्या मोझाइकवर पडलेली गोळी, ठिपक्यांच्या सतरंजीवरचा चष्मा, फुलाफुलांच्या पायपुसण्यामागची पायरी: वस्तू समोर असते आणि दिसत नाही. साधी, एकरंगी जमीन ही ज्येष्ठांच्या खोलीतली चैन नाही, गरज आहे. पट्ट्यापट्ट्यांचा गालिचा जिन्यावर तर मुळीच नको. त्यात खरी कड कोणती आणि नक्षीची कोणती हे तरुणालाही कळत नाही.

न्हाणीघरात पांढऱ्या टाइल्स, पांढरा कमोड, पांढरी बादली असं सगळं एकाच रंगाचं असतं. कमोडचं झाकण आणि बैठक गडद रंगाची घ्या, बादली-मग लाल किंवा निळा, भिंतीला धरायची दांडी भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाची. स्वयंपाकघरात काळा चहा पांढऱ्या कपात आणि दूध गडद कपात ओतावं. काचेच्या पारदर्शक पेल्यात पाणी किती भरलं ते दिसत नाही. स्टीलच्या चकाकत्या पेल्यातही नाही. पांढऱ्या ताटलीतला दहीभात, इडली किंवा रव्याची खीर अर्धी तशीच राहते, आणि मग भूक कमी झाली असा निष्कर्ष निघतो. अमेरिकेत बॉस्टनमध्ये अल्झायमर झालेल्या मोजक्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटल्या-पेले दिले, तेव्हा त्यांचं खाणं-पिणं ठळकपणे वाढलं. अभ्यास लहान होता, पण ताटली बदलून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

पिवळसर भिंगामुळे निळा रंग मार खातो. नेव्ही ब्लू आणि काळा यांत गल्लत होते, पांढऱ्या आणि फिकट पिवळ्या गोळ्या सारख्या दिसतात. मोज्यांचं चाललं, गोळ्यांचं नाही. औषधं रंगावरून ओळखायची सवय मोडा. वारांच्या डबीवर काळ्या मार्करने ठळक अक्षरात लिहा.

आता थोडी चांगली बातमी. वस्तू त्रिमितीत कशी आहे, तिचा फुगवटा कुठे आणि खळगा कुठे, हे ओळखण्याची क्षमता वयाबरोबर सरसकट ढासळते असं नाही. अमेरिकेतल्या वेस्टर्न केंटकी विद्यापीठात फार्ली नॉर्मन यांनी यासाठी चक्क ढोबळ्या मिरच्या वापरल्या. प्रत्येक मिरचीचा आकार वेगळा असतो, म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती करून तरुणांना आणि ज्येष्ठांना दिल्या: या दोन सारख्या की वेगळ्या? नुसतं पाहून किंवा नुसतं चाचपून तुलना करायची असेल तर ज्येष्ठ तरुणांच्या बरोबरीने होते. एक मिरची डोळ्यांनी पाहायची आणि दुसरी हातांनी चाचपायची, असं केलं की ते मागे पडले. आणखी एका प्रयोगात हाताला जाणवलेली मिरची डोळ्यांसमोरच्या अनेक मिरच्यांतून ओळखायची होती. तिथेही ज्येष्ठ मागे होते, पण हवा तेवढा वेळ दिला किंवा पर्याय कमी केले की फरक नाहीसा झाला. याचा घरगुती अर्थ असा की हात अजून भरवशाचे आहेत. कपाटात, फडताळात, पर्समध्ये वस्तू ठरावीक जागी ठेवा, थोड्या ठेवा, आणि शोधणाऱ्याला घाई करू नका. ‘समोरच तर आहे!’ या वाक्याने वस्तू लवकर सापडल्याचं उदाहरण नाही.

चष्मा आणि मोतीबिंदू

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो. जिना उतरताना आपण पायाकडे त्याच भागातून पाहतो, आणि पाय काही वाचायच्या अंतरावर नसतात. पायरीची कड धूसर होते, खोलीचा अंदाज चुकतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात असे चष्मे आणि पडणं यांचा संबंध दिसला. तिथेच पुढे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्येष्ठांना बाहेर चालण्यासाठी फक्त दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला. जे नियमित बाहेर पडत होते त्यांचं पडणं सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. जे क्वचितच घराबाहेर जात होते त्यांचं बाहेरचं पडणं उलट वाढलं. म्हणून सरसकट सल्ला देता येत नाही: रोज फिरायला, बाजारात, देवळात जात असाल तर चालण्याचा वेगळा चष्मा करा, बहुतेक वेळ घरात असाल तर आहे त्याच चष्म्याने हनुवटी छातीकडे नेऊन, मान वाकवून पायरी पाहायची सवय लावा.

नंबर एकदम मोठ्या फरकाने बदलला तर पहिले काही आठवडे जपून राहा. ऑस्ट्रेलियातल्याच आणखी एका चाचणीत, सत्तरीपुढच्या नाजूक तब्येतीच्या लोकांचे डोळे तपासून चष्मे सुधारून दिले, तर त्यांचं पडणं कमी होण्याऐवजी वाढलं. नव्या भिंगातून जमीन जवळ किंवा लांब भासते आणि शरीर जुन्या हिशेबाने पाऊल टाकत राहतं. नंबर टप्प्याटप्प्याने बदलता येईल का, हे विचारायला हरकत नाही.

‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ हा सल्ला आपल्याकडे अजून चालू आहे. तो जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केलेल्या गटाचं पडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं. एका डोळ्याची झाली आणि दुसऱ्याची लांबली, तर मधल्या काळात दोन डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत आणि अंतराचा अंदाज फसतो. त्या दिवसांत स्कूटर नको, आणि जिना कठडा धरूनच.

गती वेगळीच भानगड आहे

हलणं दिसणं हे आकार दिसण्याचंच पुढचं पाऊल आहे असं आपण धरून चालतो. मेंदूत त्यांच्या जागा बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. १९८३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी एका स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यावर तिला आकार, रंग, अक्षरं दिसत होती. गती दिसत नव्हती. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा दिसे, त्यामुळे कप भरत आला हे कळत नसे. लांब दिसणारी गाडी पुढच्या क्षणी एकदम जवळ असे. ती म्हातारी नव्हती आणि तिचा आजार विरळा होता, पण गतीची नजर स्वतंत्रपणे जाऊ शकते हे त्यातून सिद्ध झालं. वयाने ती जात नाही, फक्त बोथट होते.

मेंदूच्या पेशींत काय होतं, याचा अंदाज म्हाताऱ्या माकडांवरच्या प्रयोगांतून येतो. तरुण माकडात दृष्टीकेंद्रातली एक पेशी एका ठरावीक दिशेच्या रेषेला किंवा गतीलाच दाद देते. म्हाताऱ्या माकडात त्या पेशी कशालाही दाद देऊ लागतात आणि मुळातच बडबड करत राहतात. २००३ मध्ये अमेरिकी आणि चिनी संशोधकांनी अशा पेशींजवळ ‘गाबा’ हे मेंदूतलं लगाम घालणारं रसायन सोडलं, तेव्हा त्या बऱ्याच प्रमाणात पुन्हा चोखंदळ झाल्या. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. लगाम सैल झालेला असतो. (यावरून बाजारात गाबाच्या गोळ्या खपतात. मेंदूत सुईने सोडलेलं रसायन आणि पोटात घेतलेली गोळी एक नव्हे. पैसे वाचवा.)

लगाम सैल होण्याचा एक विचित्र परिणाम २००५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात दिसला. पडद्यावर ठळक पट्टे क्षणभर सरकवून ते डावीकडे गेले की उजवीकडे, असं विचारलं. पट्ट्यांचा आकार मोठा असताना ज्येष्ठांनी तरुणांपेक्षा कमी वेळात दिशा ओळखली. तरुण मेंदू विस्तृत, पसरलेली गती मुद्दाम दाबतो, कारण ती बहुधा पार्श्वभूमीची असते. त्यामुळे तिच्यावरची लहान हलती वस्तू उठून दिसते. उतारवयात हे दाबणं कमी होतं. प्रयोगशाळेत हा विजय, रस्त्यावर पंचाईत: सगळंच हलताना दिसतं आणि त्यातली आपल्याकडे येणारी एक गोष्ट वेगळी काढायला वेळ लागतो. भाजीबाजारात, लग्नाच्या मांडवात, दादरच्या पुलावर गोंधळल्यासारखं होतं ते यामुळेही. तिथे चालता चालता पाहू नका. कडेला थांबा, पाहा, मग चाला.

रस्ता ओलांडताना वेगावर विसंबू नका

सरळ आपल्याकडे येणारं वाहन डोळ्यांना डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसत नाही, ते फक्त मोठं होत जातं. लांब असताना ही वाढ नगण्य असते. उतू जाणाऱ्या दुधासारखं बराच वेळ काही होत नाही आणि मग एकदम. ती सुरुवातीची बारीक वाढ पकडणं ज्येष्ठांना अधिक जड जातं. त्यातून दुचाकी मुळात लहान, तिची वाढ आणखी उशिरा कळते. शिवाय रंग पार्श्वभूमीत मिसळला की मंद गती आणखी मंद भासते, हे संशोधक पीटर थॉम्पसन यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं. संध्याकाळ, राखाडी स्कूटर, दिवा बंद. इलेक्ट्रिक असेल तर आवाजही नाही.

रस्ता ओलांडणाऱ्या ज्येष्ठांच्या अभ्यासांत असं आढळलं आहे की ते वाहन किती लांब आहे यावर निर्णय घेतात, किती वेगात आहे यावर कमी. लांब असलेलं पण भरधाव येणारं वाहन त्यांना सुरक्षित वाटतं आणि जवळची संथ बैलगाडी धोक्याची. आता आकडे पाहा. सिग्नलच्या हिशेबात पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरलं जातं. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांच्या पाहणीत पुरुषांचा सरासरी वेग ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. दोन मार्गिकांचा ७ मीटर रुंद रस्ता १.२ च्या वेगाने सहा सेकंदांत पार होतो, ०.८ च्या वेगाने जवळजवळ नऊ. त्या वरच्या तीन सेकंदांत ताशी ६० किलोमीटरची गाडी सुमारे ५० मीटर पुढे आलेली असते.

म्हणून डोळ्याच्या अंदाजाऐवजी खुणेचा नियम करा. तुम्ही रोज जिथे ओलांडता तिथे, सकाळी वर्दळ नसताना, ओलांडायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून पाहा. मग फुटपाथवर उभं राहून पाहा की सगळ्यात वेगाने येणारी वाहनं त्याच्या दुप्पट वेळ आधी कुठे असतात: एखादा विजेचा खांब, पानाची टपरी, कडुनिंब. त्या खुणेच्या अलीकडे एकही वाहन असेल तर पाऊल उचलायचं नाही. वेग ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही. जवळ अशी खूण नसेल, वळण असेल, तर शंभर पावलं जास्त चालून दुभाजक असलेली जागा गाठा. अर्धा रस्ता एका वेळी, दर वेळी एकाच दिशेकडे लक्ष. फिक्या रंगाचे कपडे संध्याकाळी तुम्हाला दिसायला मदत करत नाहीत, पण चालकाला तुम्ही दिसता.

रेल्वे रुळांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मुंबईत वर्षानुवर्षं रूळ ओलांडलेल्या माणसाला आपला अंदाज पक्का वाटतो. हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं की मोठी वस्तू आहे त्यापेक्षा हळू येते आहे असं वाटतं. हा चकवा कुठल्याही वयात लागतो. लोकल ताशी १०० किलोमीटरच्या आसपास धावू शकते, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पुलाचे जिने गुडघ्यांना त्रास देतात हे खरं आहे, आणि सरकत्या जिन्यासाठी भांडणंही रास्त आहे. रूळ मात्र नकोच.

गाडी चालवणाऱ्यांसाठी

चाळिशी ओलांडली की परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १ ए, लागतो. त्यात विचारलेलं असतं की चांगल्या दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का. रातांधळेपणाचा एक प्रश्न असतो, पण डोळे दिपण्याचं, गतीचं त्यात काही नाही. तेव्हा दाखला मिळाला म्हणजे रात्री हायवेवर जायला हरकत नाही, असं समजू नका. ती तपासणी तुमची तुम्हालाच करायची आहे. समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यावर येऊन गेल्यावर रस्ता पुन्हा दिसायला किती वेळ लागतो? उजवीकडे वळताना मागच्याने हॉर्न दिल्याशिवाय वळायचं धाडस होत नाही, किंवा वळल्यावर समोरच्याला ब्रेक मारावा लागतो, असं घडतं का? आपल्या देशात उजवं वळण समोरून येणारी रांग कापतं आणि त्याला वेगाचा नेमका अंदाज लागतो. नेहमीच्या वाटा अशा आखून ठेवा की उजवं वळण सिग्नलवरच घ्यावं लागेल. काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात. हेल्मेटची चरे पडलेली काच बदला, ती विखुरलेल्या प्रकाशात भर घालते. घाटातला रात्रीचा प्रवास मुलावर किंवा ड्रायव्हरवर सोपवण्यात कमीपणा नाही.

जे टिकतं

स्वीडनमधल्या गुन्नार योहानसन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या सांध्यांवर ठिपक्यांसारखे दिवे लावून अंधारात चालताना चित्रण केलं. नुसते ठिपके हलले तरी पाहणाऱ्याला माणूस चालतो आहे हे लगेच कळतं. ही ओळख वाढत्या वयात बरीच शाबूत राहते. फार झटकन दाखवलं तर ज्येष्ठ चुकतात, जरा वेळ मिळाला तर तरुणांच्या जवळपास येतात. म्हणूनच संध्याकाळी चेहरा दिसत नसताना आजी म्हणते, ‘चालीवरून तर शिंद्यांचा वाटतो.’ तिच्या अंदाजावर विश्वास ठेवा. आणि तुम्ही समोरून येत असाल तर लांबूनच नाव घेऊन हाक मारा. ‘काकांनी बघूनही ओळख दिली नाही’ या रागातले कितीतरी राग फिक्या उजेडातल्या फिक्या चेहऱ्याचे असतात.

सरावाने फरक पडतो का? पडतो. १९८६ मध्येच असं दिसलं होतं की ज्येष्ठांना बिंदूंच्या गतीची दिशा ओळखायचा सराव दिला की त्यांची कामगिरी सुधारते आणि ती सुधारणा टिकते. पण ज्याचा सराव करावा ते सुधारतं. मोबाइलवरचा खेळ खेळून रस्ता ओलांडण्यात माणूस तरबेज होईल, अशी खात्री मी तरी देणार नाही. त्यापेक्षा नातवंडांबरोबर हलक्या चेंडूची झेल-पकड करा.

डॉक्टरांकडे जाताना

हे सगळं हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने होतं. जे अचानक किंवा एकाच बाजूला होतं ते वय नव्हे. दाराची चौकट किंवा फरशीच्या रेषा वाकड्या, लाटांसारख्या दिसू लागल्या तर पडद्याच्या मध्यभागाचा विकार असू शकतो. एकेक डोळा झाकून महिन्यातून एकदा चौकटीकडे पाहायची सवय ठेवा. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं: त्याच दिवशी दवाखाना. कडेच्या वस्तूंना धक्के लागत असतील तर काचबिंदू तपासून घ्या. तो बहुतेकदा दुखत नाही आणि तक्त्यावरची अक्षरं शेवटपर्यंत वाचू देतो. एकाएकी अर्धं दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं, तर डोळ्यांचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट माणसं लपवतात. नजर खूप कमी झालेल्या काही ज्येष्ठांना नसलेली माणसं, मुलं, नक्ष्या दिसू लागतात. स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने याने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं. डोळ्यांकडून पुरेसं चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःच आकार रचतो, आणि पाहणाऱ्याला बहुधा माहीत असतं की ते खरं नाही. ही बाधा नाही आणि वेडही नाही. नजर उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. इतर आजारांतही असं होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगायला हवंच.

तपासणीला जाण्याआधी आठवडाभर चिठ्ठीवर टिपून ठेवा. ‘अंधुक दिसतं’ या तक्रारीवर डॉक्टर नंबर तपासतील आणि तो बरोबर निघेल. ‘संध्याकाळी सातनंतर जिन्याची शेवटची पायरी दिसत नाही’, ‘समोरून येणारी रिक्षा उभी आहे की चालू ते कळत नाही’, ‘चहा ओततो तो कपाबाहेर जातो’ असं लिहिलेलं असेल तर ते उठाव, मोतीबिंदू, काचबिंदू, दोन्ही डोळ्यांचा मेळ यांकडे वळतील. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि सध्या वापरात असलेले सगळे चष्मे पिशवीत घालून न्या. पडदा तपासायला थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यानंतर काही तास उजेड टोचतो आणि जवळचं दिसत नाही. त्यामुळे स्कूटर घरी ठेवा, गॉगल बरोबर घ्या, आणि परत आणायला कुणाला तरी सांगून ठेवा.